खळ्यावर वारा उतरतो तेव्हा

तोंड मिटा. आधी तोंड मिटा, मग डोळे उघडा. उलटं केलंत तर पहिल्याच श्वासाला घशात भुसा जाईल आणि खानदेशातलं तुमचं आगमन ठसक्यानं होईल.

आता बघा. अमळनेर आणि धरणगाव यांच्या मधलं हे काळं रान. तुमच्या घड्याळापासून तुम्ही शंभरेक वर्षं मागं आलात. फाल्गुन लागलाय. पायांखालचं खळं शेणानं सारवलेलं आहे आणि चांगलंच तापलंय. चपला घालून इथं पाय ठेवायचा नसतो, म्हणून तुम्हीही अनवाणी आहात आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होताय, हे सगळ्यांना दिसतंय. नाकात शेणाचा, कडब्याचा, बैलांच्या घामाचा वास शिरतोय. त्या सगळ्यांवर दादरचा कोरडा, किंचित गोडूस वास. दादर म्हणजे इथली रब्बीची ज्वारी, काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर पिकणारी. काल दिवसभर मुसकी बांधलेले बैल मधल्या मेढीभोवती फिरले आणि कणसं त्यांच्या खुरांखाली फुटली. आज ते बाभळीखाली रवंथ करताहेत. खळ्याच्या मधोमध कमरेइतका ढीग आहे: दाणा आणि भुसा, एकमेकांत पार मिसळलेले.

आणि कुणीही काहीच करत नाहीये.

काम संपलं असं वाटून घेऊ नका. वारा पडलाय. आठ-दहा माणसं, दोन लेकरं, एक कुत्रं, सगळे त्याची वाट बघताहेत. बायांनी टोपली भरून ओळीनं लावून ठेवलीत. ढिगाशेजारी माणसाच्या छातीइतकी उंच तीन पायांची लाकडी तिपाई उभी आहे, तिच्यावर कुणी नाही. पाठीवरून घामाचा ओघळ उतरतो आणि मध्येच वाळून जातो. माश्या ओठांवर बसतात.

‘‘पाव्हना, आठे बठ,’’ बाभळीच्या सावलीतून आबा म्हणतात. बसा. मातीच्या मोग्यातलं पाणी मिळेल, फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळेल. ठेचा जपून खा. खाताना लक्ष मात्र आबांवर ठेवा, कारण या खळ्यावरचं सगळ्यात नाजूक यंत्र तेच आहेत.

आबा तुमच्याशी बोलताहेत, पण त्यांची नजर तुमच्यावर नाही. ती आधी निंबाच्या शेंड्यावर जाते, मग गाडीवाटेवरच्या धुळीवर, मग दूरच्या वस्तीतून निघणाऱ्या धुराच्या रेघेवर. धूर सरळ वर चाललाय. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चकमकीच्या कापसातला एक पुंजका चिमटीत घेतला आणि सोडून दिला. तो सरळ खाली आला. ‘‘आत्ते नही,’’ आबा म्हणाले आणि पिशवी पुन्हा बांधली.

फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानं 1805 मध्ये वाऱ्याचं मोजमाप शून्य ते बारा अशा पायऱ्यांत बसवलं. त्यानं पायऱ्या ठरवल्या त्या जहाजाच्या शिडांवरून. पुढं जमिनीवरच्या खुणाही त्या कोष्टकात आल्या: धूर सरळ वर गेला तर शून्य, चेहऱ्याला झुळूक लागली आणि पानं सळसळली तर दोन, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर तीन, धूळ उडू लागली तर चार. आबांनी ब्यूफोर्टचं नाव ऐकलेलं नाही. कोष्टक मात्र त्यांच्याकडं आहे, आणि त्यांना ते सुनेला, नातवाला, उद्या तुम्हालाही तोंडी देता येतं. उपणणीला तीनचा वारा लागतो. दोनला भुसा जागचा हलत नाही. पाचला दाण्यांसकट सगळंच रान धरतं.

तुम्हाला अजून काही कळलेलं नाही. पण कुत्र्यानं मान वर केली, निंबाचा शेंडा एकदाच झुकला, आणि तुमच्या डाव्या गालावरचा घाम गार झाला.

‘‘वारा उना रे भो!’’

आता पळा. एका क्षणात सावली रिकामी झाली. घरची थोरली सून नऊवारीचा काष्टा खोचून तिपाईवर चढली सुद्धा. खालून टोपलं वर गेलं, तिनं ते डोक्याच्या वर धरलं, वाऱ्याच्या दिशेशी खांदा तिरका केला आणि टोपल्याची कड हलकेच कापरी केली. धार सुटली. दाणा तिच्या पायाशी पडतोय. भुसा हवेतल्या हवेत त्याच्यापासून सुटतो, सोनेरी होतो आणि पाच-सहा हात पुढं जाऊन बसतो. तुम्ही पलीकडच्या बाजूला उभे होतात ना? म्हणूनच तोंड मिटायला सांगितलं होतं. कुसं मानेवरून सदऱ्यात शिरली आहेत, आता संध्याकाळी अंघोळ होईपर्यंत खाजवत राहा.

टोपली पोचवायचं काम तुमच्याकडं आलंय. पहिली चार हसत द्याल. मग खांदे भरून येतील, कारण टोपलं डोक्याच्या वर उचलून द्यायचं आहे आणि वरच्या हातांना थांबायला वेळ नाही. वारा कुणाची दमछाक बघून वाहत नाही. आत्ता आहे तर आत्ता. वारा चांदण्या रात्री सुटला, तर घरदार रात्री उठून खळ्यावर येतं.

पण एकदा मान खाली घालून ऐका. धारेचा आवाज एकसारखा नाही. वारा जोरात असला की भुसा वरच्या वर निघून जातो आणि खाली उरलेला नुसता दाणा राशीवर पडतो, सडसड, कोरडा, स्वच्छ. वारा ढिला पडला की भुसाही दाण्याबरोबर खाली येतो आणि आवाज बसतो, जाडा होतो. सून डोळे मिचकावत काम करतेय. भुशानं डोळे उघडे ठेवणं शक्यच नाही. ती कानानं उपणतेय. आवाज बसला की टोपलं वर जातं आणि धार बारीक होते. आवाज मोकळा झाला की धार मोठी. शेजारी रास निवडणाऱ्या बाईला मान वर करून बघावं लागत नाही, तिलाही सगळं ऐकू येतंय.

आणि खाली जमिनीवर बघा. सगळ्यात जड, टपोरा दाणा तिपाईच्या बुडाशी. त्याच्यापुढं पोचट दाण्याचा पट्टा. मग जाडी फोलं. मग भुसा, जितका हलका तितका लांब. दुपारी वारा उत्तरेकडं जरा सरकला तेव्हा तो पट्टाही सरकला. भुशाची शेपटी पंख्यासारखी उलगडत गेली. आजच्या दुपारचा वारा किती होता, कुठून होता, कधी थांबला, सगळं या सारवलेल्या जमिनीवर लिहून झालंय आणि आबांना ते वाचता येतं. ‘‘मधी पडला व्हता,’’ ते एका जागी बोट दाखवून म्हणतात. तिथं फोल आणि दाणा एकत्र पडलेत.

तुमच्या काळात जगभरचे कलाकार वाऱ्याला असंच बोलतं करायच्या मागं लागलेत. इंग्लंडमध्ये बर्नलीजवळच्या टेकडीवर 2006 मध्ये पोलादी नळ्यांचं एक झाड उभं राहिलं. वारा नळ्यांतून गेला की ते गातं, म्हणून त्याला गाणारं झाड म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संग्रहालयाच्या भिंतीवर चार्ल्स सोअर्सनं 2011 मध्ये 612 बाण बसवले. प्रत्येक बाण मोकळा फिरतो, आणि भिंतीवरून वारा कसा वळसे घेत जातो ते डोळ्यांना दिसतं. ही कामं मला मनापासून आवडतात. न दिसणाऱ्या वाऱ्याला त्यांनी आकार दिला, आवाज दिला. पण तुम्ही आत्ता ज्या जागी उभे आहात, तिथं ते झाड आणि ती भिंत एकाच सारवलेल्या गोलात आहेत. शिवाय इथं ऐकणाऱ्याचं पोट त्या आवाजावर आहे. म्हणून इथला कान इतका तयार आहे.

वारा पुन्हा पडला. सून टोपलं डोक्यावर धरून तशीच थांबलीय. बायांतल्या एकीनं हाक घातली, मग दुसरीनं ती उचलली, आणि बघता बघता हाकेचं गाणं झालं. वारा हा मारुतीचा बाप, त्याला आर्जवं करायची ती नात्यानंच. इथून पूर्वेला जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच दिवसांत याच कामात आहेत. त्यांनी उपणणीवरही गाणं रचलं. लिहिता-वाचता येत नसलेल्या त्या बाईची गाणी पुस्तकात आली ती 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. शहरातल्या वाचकांना ती कविता वाटली. इथं ती आधी कामाच्या दमाला धरून चालणारी हाक आहे. टोपलं वर जाताना श्वास आत, धार सोडताना बाहेर, आणि त्या बाहेरच्या श्वासावर ओळ. तुम्हीही म्हणा. गळ्यात भुसा आहे, सूर लागणार नाही. कुणाचाच लागलेला नाही.

ऊन कलताना रास तयार झाली. कडेचं माती मिसळलेलं मातेरं वेगळं झाडून ठेवलं. राशीला हळदकुंकू लागलं, उदबत्ती लागली, आणि एकदम सगळे गप्प झाले, पोरंसुद्धा. मोजणी सुरू होतेय. आबांचा थोरला मुलगा पायली भरतो, वरचा शीग हातानं सारखा करतो, पोत्यात रिकामी करतो आणि म्हणतो, ‘‘लाभ.’’ एक म्हणायचं नाही. मग दोन, तीन, चार. इतका वेळ जो वारा होता तो आता आकड्यांत येतोय. खाली किती उतरलं ते मोजलं जातंय, वाऱ्याबरोबर किती गेलं ते कुणी मोजत नाही.

खळ्याच्या कडेला माणसं येऊन थांबली आहेत. सुतार आला, लोहार आला, वर्षभराच्या कामाचं बलुतं घ्यायला. काहीजण आत येऊन राशीशी बसले. काहीजण बाहेरच उभे आहेत. ते आत येणार नाहीत, त्यांना येऊ दिलं जाणार नाही. त्यांचं धान्य वरून पदरात टाकलं जाईल. वाऱ्यानं हा भेद केलेला नाही. त्यांच्या अंगावरही तोच भुसा आहे, कारण पहाटेपासून कडबा त्यांनीच ओढलाय. तुम्ही हे बघून नजर वळवू नका. या खळ्याचं चित्र काढायचं तर ही कडही त्यात काढावी लागते.

चला, इथून थोडं चालायचंय. शेताच्या पलीकडं रेल्वेचा रूळ आहे, सुरतेहून जळगावला जाणारी लाइन. गाडी यायला वेळ आहे. रुळालगत तारेचे खांब गेलेत, आणि त्यातल्या एका खांबाला तीन पोरं कान लावून चिकटलीत. तुम्हालाही जागा करून देतील. लावा कान.

आधी फक्त खांबाचा ऊबदारपणा लागेल. मग आतून एक सूर येईल, लांब, न थांबणारा. पोरांचं म्हणणं आहे की मुंबईचा साहेब बोलतोय. धाकट्याचं म्हणणं आहे की तो रडतोय. त्यांची समजूत मोडू नका, पण तुमच्यासाठी सांगते: तारेला आडवा लागलेला वारा तिच्या मागं आळीपाळीनं वर-खाली भोवरे सोडत जातो आणि तार त्या तालावर थरथरते. चेनेक स्ट्रोहाल या झेक शास्त्रज्ञानं 1878 मध्ये याचा हिशोब मांडला. वाऱ्याचा वेग जितका जास्त तितका सूर चढा, तार जितकी जाड तितका सूर खाली. तार 4 मिलिमीटर जाडीची धरली आणि वारा सेकंदाला 5 मीटर, तर सेकंदाला सुमारे 250 कंपनं होतात. पेटीवरच्या पांढरी एकच्या जरासं खाली. वारा दुप्पट झाला की सूर अख्खं सप्तक चढतो. म्हणजे ज्याचा कान तयार आहे त्याला या खांबाशी उभं राहून वाऱ्याचा वेग सांगता येईल. कान तयार असलेली माणसं तर आत्ताच आपण खळ्यावर सोडून आलो.

क्षणभर तुमच्या काळात डोकावू. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. तिथं मोजणीच्या मनोऱ्यावर छोट्या वाट्या गरगर फिरतात; वाट्यांचं हे वायुवेगमापक रॉबिन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं 1846 मध्ये बनवलं, आजही रूप फारसं बदललेलं नाही. दर दहा मिनिटांची सरासरी नोंदली जाते आणि दूरच्या कुठल्याशा पडद्यावर जाते. पठाराखालच्या गावाला पात्यांचा घुमारा ऐकू येतो, आकडा ऐकू येत नाही. मला वाटतं, वाऱ्याचं एखादं शिल्प खानदेशात उभं राहायचं असेल तर ते तिथं उभं राहावं. उंच मनोऱ्यावर नको, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. मनोऱ्यावरचा आकडा तारांच्या सुरात उतरवणारं, आणि हात लावून धार कमी-जास्त करता येईल असं. वारा पडला की त्यानं गप्प व्हावं, आणि ते गप्प होणंही ऐकू यावं. यंत्राची आकडेवारी गावाच्या कानावर पडली, तर त्या गावातली म्हातारी माणसं तिच्यात दोन दुरुस्त्या सुचवतील अशी माझी खात्री आहे.

परत या. होळी पेटलीय आणि तुम्ही तिच्या फार जवळ उभे आहात. भुवया भाजतील. ढोल कानाशी वाजतोय, पोरं बोंबा मारताहेत, गोवऱ्यांचा आणि एरंडाच्या ओल्या फांदीचा धूर डोळ्यांत गेलाय. पण म्हाताऱ्यांचा घोळका आगीकडं बघतच नाही, तो वर बघतोय. धूर कुठं वळतो, सरळ किती जातो, कुठं घोटाळतो, यावरून येत्या पावसाचा अंदाज बांधायचा. एकजण म्हणतो पाऊस लवकर येणार. दुसरा म्हणतो, गेल्या खेपेला असाच वळला होता आणि मृग कोरडा गेला. वाद रंगतो. पावसाची भाकितं सांगणाऱ्या सहदेव-भाडळीचा दाखला निघतो, त्यावर दुसरा दाखला. अंदाज खरा ठरतो की नाही ते बाजूला ठेवा. सगळ्या गावानं एका रात्री एकाच धुराकडं बघून ठेवलंय, आणि गेल्या वर्षीचा धूर त्यांना आठवतोय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता दीड महिना पुढं. धुळ्याजवळ, लळिंगच्या किल्ल्याखालच्या एका गावात. वैशाख, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

हवा अंगाला चावते. दुपारच्या झळा भिंतीवर आपटून परत येतात. श्वास घेतलात तर नाकाच्या आत कोरड पडते. तरी गाव भरून वाहतंय, कारण सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी आल्यात. घराघरात खापरावर मांडे भाजले जाताहेत, आंब्याच्या रसाचा वास गल्लीभर आहे. देवघरापाशी पाण्यानं भरलेली घागर, वर डांगर ठेवलेलं, गेलेल्या माणसांच्या नावानं. काही घरांत घागरीखाली मातीची चार ढेकळं आहेत, पावसाच्या चार महिन्यांची. जे भिजलं तो महिना ओला. पारावर बाप्ये पत्ते कुटताहेत आणि आज त्यांना कुणी बोलत नाही. निंबाच्या फांद्यांना झोके बांधलेत. दोर करकरतो, फांदी कण्हते, गाणं या झाडावरून त्या झाडावर उडी घेतं. वर्षभर दबून राहिलेला आवाज आज पोरी मोकळा सोडताहेत. तुम्हाला झोक्यावर बसवतील. नाही म्हणू नका. वर गेलात की क्षणभर गरम वारा कानशिलावर बसतो, खाली येताना तोच वारा पाठीमागून, आणि तुम्हाला कळतं की वाऱ्याला दिशा द्यायचं काम तुमचं अंगही करू शकतं.

दिवस मावळला तरी भिंती तापलेल्याच. आत झोपणं अशक्य. अंगणात, गल्लीत, ओट्यावर पाणी शिंपडलंय आणि तापलेल्या मातीतून वाफ वर येतेय. खाटा बाहेर निघाल्यात आणि मोठं भांडण सुरू झालंय: कुणाची खाट कुठं?

हे भांडण फुकाचं नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे तापीचं खोरं पश्चिमेला सुरतेकडं उघडं. उन्हाळ्यात संध्याकाळनंतर तिकडून वारा येतो. पण गल्लीत तो सरळ येत नाही. वाड्याच्या कोपऱ्यावर फुटतो, विहिरीपाशी वळतो, गोठ्याच्या भिंतीआड मुळीच पोचत नाही. कोणत्या घटकेला कुठून येईल याचा अख्खा नकाशा मोठ्या मायच्या डोक्यात आहे. ती ओट्यावर उभी राहून हातवारे करते: ‘‘तठे नको, आठे टाका खाटा!’’ पोरं म्हणतात, आठे तर काहीच लागत नाही. ती म्हणते, आत्ता लागत नाही, जेवणं झाल्यावर लागेल. थोरला जावई मध्ये पडतो आणि त्याचंही कुणी ऐकत नाही. तीन खाटा सरकल्या, दोन परत आल्या, एका पोरानं उशी पळवली, कुणाच्या तरी तांब्यातलं पाणी सांडलं.

‘‘पाव्हना, तू पायथा धर,’’ मोठी माय तुमच्याकडं वळून म्हणते. धरा. खाट जड आहे, सुंभ मधोमध ढिला पडलाय, आणि तुम्ही उचलायच्या आत दोन पोरं तिच्यावर चढून बसलीत.